ता. क. मधली ती एक ओळ

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून आणि थोडं आटोपतं करून त्याचा सारांश देते.

ताईंचं वय ३४. घरातून रोज तीस डबे करून देतात. गेल्या पाच वर्षांत त्यांच्या घरात एकामागून एक सगळ्यांना 'इसब झाला'. आधी मुलाला. तो सहा महिन्यांचा असताना गाल लाल होऊन फुटायचे. आता पाच वर्षांचा आहे आणि कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत खाज येते. थंडीत रात्र रात्र खाजवतो. मग ताईंच्या हातांना: डावा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकांशी फुटतात, मिठाला हात लावला की डोळ्यांत पाणी येतं. गेल्या वर्षी सासूबाईंच्या उजव्या पायाला, घोट्याच्या वर काळपट चट्टा आला आणि त्यातून पाणी सुटायला लागलं. ओळखीच्या एका बाईंनी बिब्याचं तेल लावायला सांगितलं, त्यावर पाय आणखी सुजला. मुलाचं दूध, अंडी, शेंगदाणे वर्षभर बंद आहेत. मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब सगळे वापरतात. सासूबाईंच्या मते घराला नागाचा दोष आहे आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी करायला हवा. अशात नणंद पहिलटकरीण आहे, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला यायची आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'तुमच्या घरातला इसब बाळाला लागला म्हणजे?' ताई विचारतात, 'मीच तिला येऊ नको म्हणून सांगू का? की मुलाला घेऊन दोन महिने माहेरी जाऊन राहू? डबे बंद करू का? माझ्यामुळे कुणाच्या बाळाला काही व्हायला नको.' शेवटी ता. क.: 'यांनाही कमरेला नाण्याएवढं गोल येतं. ट्यूब लावली की जातं, परत येतं. त्याचं विशेष काही नाही. यांना लहानपणी दमा होता, तो आता नाही.'

---

ताई,

माहेरी जाऊ नका. नणंदेला येऊ द्या. डबेही चालू ठेवा, लसूण सोलणं तेवढं आजपासून बंद करा. लसणाचं काय ते पुढे सांगते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. घरात एकच रोग शिरलाय आणि तो एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर चाललाय, असं तुम्ही धरून चाललात. काकूही तेच म्हणतात. सासूबाईंचा नागसुद्धा त्याच वाटेने येतो, कारण सगळ्या घराला झालंय म्हटल्यावर कारणही सगळ्या घराचं एकच असणार. मला मात्र तुमच्या घरात चार वेगळ्या गोष्टी दिसतात. त्यांतल्या तिघींना इसब म्हणता येईल आणि त्यांतली एकही लागट नाही. चौथी इसब नसावी, आणि लागट आहे ती नेमकी तीच.

पत्रावरून मी निदान करत नाही. अंग बघितल्याशिवाय कुणी करूही नये. पण तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

इसब हे 'ताप'सारखं नाव आहे. ताप आला म्हटल्याने मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही. कातडीला दाह झाला, खाज सुटली, कधी पाणी सुटलं, कधी कोरडी पडून जाड झाली, की तिला आपण इसब म्हणतो. गावात 'ओला इसब' आणि 'सुका इसब' म्हणतात तेही बरोबरच आहे. पुष्कळदा एकाच चट्ट्याची ती दोन वयं असतात. इसबाला इंग्रजीत एक्झिमा म्हणतात. तो शब्द मूळचा ग्रीक आहे आणि त्याच्या मुळाशी उकळून वर येण्याचा अर्थ आहे. आपण बिबा 'उतला' म्हणतो ना, अगदी तसंच. दूध उतू जायला आच कुठलीही चालते.

आता एका घरात तिघांना कसा, हा प्रश्न. इसब दुर्मीळ असता तर मीही चक्रावले असते. लहानपणी सुरू होणारा, घराण्यात दमा-सर्दीची प्रवृत्ती असलेल्यांना होणारा जो प्रकार आहे, त्याला अ‍ॅटॉपिक म्हणतात. तो काही देशांत दर पाच मुलांमागे एकाला होतो, मोठ्यांत दहापैकी एकापर्यंत. भारतात प्रमाण त्याहून कमी दिसलंय, तरी जगाची बेरीज २० कोटींच्या वर जाते. हातांचा इसब तर आयुष्यात कधी ना कधी दर सात माणसांमागे एकाला होतो. डबे करणाऱ्या, धुणी-भांडी करणाऱ्या, रुग्णालयात दिवसातून पन्नासदा हात धुणाऱ्या बायकांत त्याहून जास्त. तुमच्या आळीतल्या घराघरांतून विचारत गेलात तर प्रत्येक घरात कुणी ना कुणी बाही ओढून घेईल. लोक बोलत नाहीत, म्हणून आपल्याच घरात आहे असं वाटतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या: खरूज. रात्री अंथरुणात खाज वाढते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत का? घरातल्या सगळ्यांना महिन्या-दोन महिन्यांच्या आत सुरू झालं का? तसं असेल तर तो किडा आहे, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावावं लागतं, खाज नसलेल्यांनीही. तुमच्याकडे मात्र हे पाच वर्षांत, तीन वेगळ्या जागी आणि तीन वेगळ्या तऱ्हेने आलंय. खरूज एवढी दमाने येत नाही. तरी डॉक्टरांना बेचकी दाखवाच.

मुलापासून सुरुवात करू. तान्हेपणी गाल, मोठेपणी लवणी, थंडीत जोर, वडिलांना लहानपणी दमा. अ‍ॅटॉपिक इसबाचं वर्णन पुस्तकात लिहावं तसं तुम्ही लिहिलंय. निम्म्याहून जास्त मुलांना तो पहिल्या वर्षातच दिसतो आणि वयात येईपर्यंत बऱ्याच जणांचा पुष्कळ कमी होतो. सारवण नीट न बसलेल्या भुईला पोपडे सुटतात, तशी या मुलांची कातडी असते. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरतो. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की यांतल्या बऱ्याच जणांत फिलॅग्रिन नावाच्या, कातडीचा वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच खोट असते. म्हणजे दोष रक्तात नाही आणि तुम्ही गरोदरपणी काय खाल्लंत त्यातही नाही. 'रक्तशुद्धी'च्या बाटल्या कपाटात असतील तर त्या राहू द्या तिथेच.

तेव्हा रोजचं काम सारवणाचं. अंघोळ पाच-दहा मिनिटं, कोमट पाण्याने. कढत पाण्याने खाज दोन मिनिटं थांबते आणि रात्री दुप्पट येते. साबण काखेला, जांघेला, पायांना. सगळ्या अंगाला रोज नको. डाळीच्या पिठाने खसखसून घासणं बंद. अंग पंचाने टिपा आणि ओलसर आहे तोवरच, तीनेक मिनिटांत, मलम चोपडा. सुगंधी लोशनची गरज नाही. साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चालतं, मोहरीचं तेल नको. आणि भरपूर लावा. सगळीकडे उठलेल्या लहान मुलाला आठवड्याला पाव किलोपर्यंत लागतं. मी हे सांगते तेव्हा आया माझ्याकडे अशा बघतात, जणू मी तूप ओतायला सांगितलं. लोकरीच्या स्वेटरच्या आत सुती सदरा घाला, नखं दर चार दिवसांनी कापा. खपल्या मधासारख्या पिवळ्या दिसल्या किंवा एकदम पुष्कळ दुखऱ्या, एकसारख्या फोडी येऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दूध-अंड्यांचं मला वाईट वाटलं. वर्षभर बंद करून इसब गेला का? गेला नाही, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. बहुतेक मुलांत खाण्याचा आणि इसबाचा संबंध नसतो. काहींत असतो, तेव्हा तो पदार्थ खाल्ल्यावर लगेच किंवा तास-दोन तासांत अंगावर गांध्या, ओठाला सूज, उलटी असं काहीतरी होतं. तुमच्या मुलाला असं कधी झालं नसेल तर पाच वर्षांच्या वाढत्या पोराची तीन पौष्टिक अन्नं अंदाजाने तोडू नका. एवढं मात्र करा: वर्षभराच्या खंडानंतर ती स्वतःहून एकदम सुरू करू नका. इसबाच्या मुलांत अशी लांब तोडलेली वस्तू परत देताना कधीकधी जोराची रिअ‍ॅक्शन येते. बालरोगतज्ज्ञांना विचारून, एकेक करून द्या. वांगं, आंबट, उष्ण-थंड या पथ्याच्या यादीबद्दल घरात भांडत बसू नका. त्याने मूल उपाशी राहत नाही.

आता तुमचा हात. तुम्ही उजव्या हाताने काम करता ना? मग फुटतो तो डावा का, आणि तीनच बोटं का? तीस डब्यांना रोज किती लसूण लागतो ते तुम्हालाच माहीत. पाकळी डाव्या अंगठ्याने आणि त्या दोन बोटांनी धरायची आणि उजव्या हाताने सोलायची. त्वचारोगाच्या पुस्तकांत हे चित्र इतकं ठरलेलं आहे की त्या बोटांवरून कधीकधी लसूण ओळखता येतो. लसणातला जो पदार्थ हे करतो तो नेहमीच्या रबरी हातमोज्यांतून आरपार जातो, तेव्हा मोजे घातले म्हणून सुटलो असं नाही. दुसऱ्या कुणीतरी सोलावा, किंवा सोललेला विकत आणावा आणि चमच्याने घ्यावा. सहा आठवडे करून बघा. सोबत भांड्यांचा साबण आहेच. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी असे दोन मोजे घाला, आणि प्रत्येक धुण्यानंतर जेली लावा. ओट्यावर डबी ठेवली की आठवण राहते. एवढं करूनही राहिलं तर पॅच टेस्ट करून घ्या. संशयित पदार्थांचे ठिपके पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, नंतर पुन्हा एकदा. टोचाटोची नसते.

हा स्पर्शाने होणारा इसब, आणि बाकीच्या वाचकांना इथेच जास्त सापडेल. गवंड्याच्या हातांना सिमेंटमधलं क्रोमेट, कानाला आणि मानेला खोट्या दागिन्यांतलं निकेल, कपाळाला टिकलीचा डिंक, केसांच्या कडेला कलप. उन्हापावसात शेतावर असणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान आणि कोपराच्या लवणी दरवर्षी भडकत असतील तर बांधावरचं गाजर गवत आठवा. १९५५ मध्ये ते पुण्यात लक्षात आलं आणि मग देशभर पसरलं. त्याचे बारीक कण हवेतून येऊन कातडीवर बसतात, गवताला हात लावायचीही गरज नसते. कोकण-गोव्यात काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलाने भाजतात. आंब्याचा चीक, काजूचं टरफल आणि बिबा ही एकाच कुळातली भावंडं.

बिब्यावरून सासूबाईंकडे येते. बिब्याबद्दल मी जरा चिडूनच लिहिणार आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर फोड उठायला लागले. शोध घेतला तर धोब्यांनी कपड्यांवर खूण करायला बिब्याचा रस वापरलेला. एका ठिपक्याने एवढं होतं, आणि आपण तो फुटलेल्या कातडीत भरतो! सासूबाईंचा मूळ त्रास बहुधा शिरांचा आहे. पायातलं रक्त वर चढवणाऱ्या शिरांच्या झडपा सैल झाल्या की ते खाली तुंबतं, संध्याकाळी घोटे सुजतात, कातडी काळपट पडते, मग खाज आणि पाणी. पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगलेल्या दिसतात का बघा. या इसबात मलम हे दुय्यम औषध आहे. खरं काम पाय वर ठेवण्याचं, चालण्याचं आणि दाब देणाऱ्या मोज्यांचं. मोजे मात्र पायाकडे येणारं रक्त पुरेसं आहे हे डॉक्टरांनी तपासल्यावरच घ्यायचे, मधुमेह असेल तर नक्कीच. हे लांबवू नका. खाजवून तिथे जखम झाली तर ती महिनोन्महिने भरत नाही. आणि पाय वर घेऊन बसायचंच आहे, तर मांडीवर सूप देऊन लसूणही त्यांच्याकडे सोपवता येईल. हातांना काही झालेलं नाही ना त्यांच्या!

आता ता. क.

कमरेला गोल, नाण्याएवढं. ट्यूब लावली की जातं आणि परत येतं. 'त्याचं विशेष काही नाही.' तुमचं दोन पानी पत्र तुमच्या हातांबद्दलच्या अपराधीपणाने भरलंय, आणि घरातली जी गोष्ट खरोखर लागू शकते तिला एक ओळ. असा गोल, कडेने चढत जाणारा, मध्ये निवळणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा, गजकर्ण. ती बुरशी आहे. पंचा, अंथरूण, आतले कपडे यांतून ती पसरते.

आणि ती ट्यूब. मेडिकलमध्ये 'खाजेची' म्हणून मिळणाऱ्या अशा ट्यूबांत पुष्कळदा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि एक जोरदार स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. खाली बुरशी मजेत वाढते आणि पंधरा दिवसांनी दुप्पट मोठं कडं घेऊन वर येते. अशा वापराने नायटा इतका बदलून जातो की डॉक्टरही फसतात. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी अलीकडे आपल्या देशात पसरली आहे, तिच्यामागे ही मिश्रणंही आहेत असं बऱ्याच त्वचारोगतज्ज्ञांचं मत आहे. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब मिळते, हे तुम्ही जाणताच.

पण यातून 'स्टेरॉइड वाईट' असा अर्थ काढू नका, नाहीतर मुलाचं नुकसान होईल. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं मलम इसबावर चालतं हे सिद्ध झालं, त्याआधी लेकरांना डांबर फासत असत. जे औषध यांच्या कमरेला घातक आहे, त्याच जातीचं सौम्य औषध मुलाच्या लवणीला योग्य आहे. किती तीव्रतेचं, किती दिवस, कुठे, हे डॉक्टर ठरवतील. मापाची एक खूण सांगून ठेवते: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेराएवढी रेघ बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. लावायचं ते उठलेल्या जागीच, सगळ्या अंगाला नाही. आत्ताची ट्यूब मुलाच्या चेहऱ्याला किंवा जांघेत महिनोन्महिने लावली असेल तर परस्पर बंद करू नका; कधीकधी उलटून जोरात उठतं. ट्यूब सोबत न्या, दाखवा, किती दिवस लावली ते खरं सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू द्या.

सगळ्यांना एकाच दिवशी न्या. यांनाही न्या, 'मला काही झालेलं नाही' म्हणाले तरी. कडेची पूड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी लगेच दिसते. औषध सांगितलेले आठवडे पूर्ण घ्यायला लावा, चट्टा दिसेनासा झाला तरी. तोवर त्यांचा पंचा, चादर, आतले कपडे वेगळे धुवा, गरम पाण्यात, आणि कडक उन्हात उलटे करून वाळवा. नणंद यायला महिना आहे. आज सुरू केलंत तर बाळ येईपर्यंत पुष्कळ काम झालेलं असेल.

नागबळीबद्दल मला विचारलं नाहीत, तरी लिहिते. सासूबाईंची श्रद्धा आहे, तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त डॉक्टर आधी आणि त्र्यंबकेश्वर नंतर, एवढा क्रम धरा, आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते कुठे जाणार हे यांच्याशी आधीच बोलून घ्या.

काकूंना सांगायचं ते असं: इसब लागत नाही. मुलाने बाळाचा पापा घेतला, तुम्ही बाळाला न्हाऊ घातलं, सासूबाईंनी पायांवर घेतलं, तरी काही होणार नाही. हात धुतलेले हवेत, ते तर कुणाचेही हवेत. जपायचं ते दुसऱ्यापासून: ज्याच्या ओठावर तापाच्या पुळ्या आल्या आहेत त्याने बाळाचा पापा घ्यायचा नाही, आणि तुमच्या मुलाचाही नाही. तो विषाणू नवजात बाळाला आणि इसबाच्या कातडीला, दोघांनाही भारी पडतो. हे काकूंनाही सांगा.

आणि एक पुढचं आत्ताच सांगून ठेवते, कारण ते होण्याची शक्यता बरीच आहे. बाळ महिन्या-दीड महिन्याचं होईल तेव्हा त्याच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरतील. तोही इसबाचाच एक प्रकार मानतात, निम्म्याअधिक बाळांना थोडाफार होतो, बाळाला खाजही येत नाही आणि काही महिन्यांत आपोआप जातो. रात्री तेल लावून ठेवायचं, सकाळी मऊ झाल्या खपल्या की हलक्या हाताने धुवायच्या, नखाने काढायच्या नाहीत. त्या दिवशी घरात कुणीतरी तुमच्या बोटांकडे बघेल. हे पत्र जपून ठेवा आणि नणंदेला आजच वाचायला द्या, म्हणजे त्या वेळी उत्तर तुम्हाला द्यावं लागणार नाही, ती देईल.